चिमणीचा मामा

मेंढ्याचं नाव मामा ठेवलं ते चिमणीने, आणि त्यापायी तिच्या बापाचं नाव कामावर कायमचं बदललं. बाप कत्तलखान्यात होता. आई दगावलेलं एक कोकरू त्याने तिथून घरी आणलं, स्वयंपाकघरात पोत्यावर ठेवलं आणि महिनाभर बाटलीने दूध पाजलं. चिमणी तेव्हा दहा वर्षांची. कोकराचं लांबोळकं तोंड आणि डोळे मिटून चाललेलं चघळणं बघून ती म्हणाली, "हा अगदी मामासारखा जेवतो." बायको भडकली, "माझ्या भावाला मेंढा म्हणतेस?" पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ही गंमत बापाने कामावर सांगितली, तिथे तो फसला. मुलीचा मामा म्हणजे बापाचा मेहुणा, हे नातं जुळवायला सुऱ्यांना धार लावत बसलेल्या लोकांना कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला दाजी म्हणायला लागले. "दाजी, मेहुण्यांचा चहा झाला का?" "दाजी, मेहुणे रुसलेत, बघा जरा." दाजी हसून सोडून द्यायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

मोठा झाल्यावर मामा कामाला लागला. लॉरीतून उतरलेली मेंढरं आत जायला तयार नसतात. रक्ताचा वास त्यांना आपल्याआधी कळतो. काठी उगारली की ती बिथरतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, पाय मोडून घेतात. पण त्यांच्यातलंच कुणी पुढे निघालं तर बाकीची मुकाट मागे जातात. म्हणून सकाळी सातचा भोंगा झाला की मामा गळ्यातली घंटा वाजवत कळपात शिरायचा, दोघी-चौघींना हुंगायचा, घरच्यासारखी विचारपूस करायचा आणि गल्लीला लागायचा. गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकलेली अरुंद वाट. एका वेळी एकच जनावर जाईल एवढी. मागे वळायला जागा नाही. तिच्या टोकाला सुरीवाले. त्यांच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला, एक छोटं दार होतं. मामा तेवढ्यातून बाहेर पडायचा, दार आपोआप मिटायचं, आणि मागची मंडळी सरळ पुढे जायची.

दाजी गल्लीचं फाटक उघडायचा आणि फळ्यांच्या बाहेरून चालत छोट्या दाराशी यायचा. तिथे मामा त्याच्या खिशाला तोंड लावायचा आणि बिस्कीट घ्यायचा. केसाने गळा कापतात म्हणतात. मामाकडे तर अंगभर लोकर होती. दहा वर्षं रोज एक कळप मामा बनत होता, आणि हा विनोदही रोज कुणीतरी नव्याने सुचल्यासारखा करत होता.

दाजीचा जनावरांवर जीव होता, आणि हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. त्याने कधी काठी उचलली नाही. लंगडणारी मेंढी दिसली की तो तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायचा, मग तिला फाटकातून आत सोडायचा. "मी मारत नाही, मी फक्त नेतो," असं तो म्हणायचा. या एका वाक्यावर माणसाची सगळी नोकरी निघाली.

चिमणीला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. लहानपणी तिने विचारलं, "मामा तिकडे काय करतो?" तर बाप म्हणाला, "आल्या-गेल्याला आत नेतो." तिने मैत्रिणींना सांगितलं की माझ्या बाबांनी कत्तलखान्यातून एकाला वाचवलंय आणि तो तिथेच ऐटीत राहतो. दाजीने ते ऐकलं आणि ब्र काढला नाही. पोरीच्या डोळ्यांत आपण एवढे मोठे झालो, ते कोण कशाला मोडेल?

वीस वर्षांची झाल्यावर चिमणी निवाऱ्यात कामाला लागली. निवारा कत्तलखान्याच्याच रस्त्यावर, दोन किलोमीटरवर. म्हातारी, मोडकी, कुणालाच नको असलेली जनावरं तिथे ठेवत. बावीस मेंढरं होती, प्रत्येकीच्या कानात निळी पट्टी. चिमणीने सगळ्यांना नावं दिली होती, आणि जेवताना ती यादी म्हणून दाखवायची: नकटी, झिपरी, ढब्बू, रडूबाई. मग एक दिवस तिने ताटातलं मटण बाजूला सारलं.

"बाबा, तुमचा मामावर जीव आहे ना?"

"आहे की."

"मग ह्या ताटातल्यावर का नाही?"

"हा काही माझ्या ओळखीचा नव्हता."

"म्हणजे ओळख नाही म्हणून खायचं?"

"तुम्ही ओळखी काढत बसा," बायको म्हणाली, "इकडे मटण गार होतंय."

"साधी गोष्ट आहे, बाबा. प्राणी आवडतात असं म्हणायचं असेल तर त्यांना खाऊ नका. खायचंच असेल तर आवडतात म्हणू नका."

"माणसांवर प्रेम करणारे माणसांचं काय काय खातात, ते बघ आधी," दाजी म्हणाला. त्याला वाटलं आपण जिंकलो. चिमणी ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवली. त्यानंतर वर्षभर ती तशीच उभ्याने जेवत होती. टेबलाजवळची तिची खुर्ची रिकामी, आणि दाजीचा घास त्या खुर्चीकडे बघताना तोंडातच फिरायचा. दिवसाला शंभर जनावरं पुढे पाठवणाऱ्या माणसाला एक रिकामी खुर्ची सोसेना. त्याला जगात दुसरं काही नको होतं. ती परत तिथे येऊन बसायला हवी होती.

मग मामाचा गुडघा सुजला. तो गल्लीत मध्येच थांबायला लागला, मागे खोळंबा व्हायला लागला. मुकादम म्हणाला, "दाजी, मेहुणे रिटायर झाले. उद्यापासून त्यांना छोटं दार नाही, सगळ्यांसारखं सरळ."

दाजीने त्याचे अक्षरशः पाय धरले. मुकादम वैतागून म्हणाला, "घेऊन जा मग. पण परत ह्या फाटकात दिसला तर तो माझा."

त्याच संध्याकाळी दाजी मामाला निवाऱ्यात घेऊन गेला. चिमणीने आधी मामाला मिठी मारली, मग बापाला. वर्षभरात पहिल्यांदा. "बाबा, तुम्ही ह्याला दुसऱ्यांदा वाचवलंत," ती म्हणाली, "आता खाणंही सोडा. मी परत तुमच्या शेजारी बसते."

"सोडलं," दाजी म्हणाला.

इथे त्याला एक वाक्य बोलायचं होतं. हा भोंग्याला निघतो, सकाळी सातला ह्याला बांधून ठेव. एवढंच. पण ते बोललं की "का?" आलं, आणि "का"चं उत्तर दिलं की खुर्ची गेली. निवाऱ्यापर्यंत भोंगा ऐकू येत असेल का, असं त्याने मनात विचारलं, नाही असं आपलं आपणच उत्तर दिलं आणि मूग गिळून घरी आला.

तीन आठवडे दाजी सुखात होता. चिमणी शेजारी बसायची, स्वतःच्या ताटातलं त्याला वाढायची, मामाच्या गुडघ्याच्या बातम्या सांगायची. मटण तो घरी खात नव्हता. कँटीनमध्ये दोनदा खाल्लं, पण ते कँटीनमध्ये. कामावर मात्र मामावाचून हाल होते. काठ्या, शिव्या, विजेची दांडी. मेंढरं ओरडत आत जायची आणि तो आवाज दाजीच्या कानांत दिवसभर राहायचा. खिशात तो अजूनही बिस्कीट ठेवत होता.

"गुडघा बरा झाला," चिमणीने एका संध्याकाळी सांगितलं. "उद्या मामाला सगळ्यांबरोबर मोकळा सोडणार." दाजीने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी लॉरीला उशीर झाला. सातचा भोंगा झाला, सुरीवाले हात बांधून उभे राहिले, मुकादम फोनवर लॉरीवाल्याच्या नावाने ओरडत होता. पाऊण तासाने दाजीला घंटा ऐकू आली.

ती घंटा त्याने दहा वर्षं ऐकली होती. त्याचं डोकं काही म्हणायच्या आत हातांनी फाटक उघडलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. मामा आला! ताठ मानेने, बऱ्या झालेल्या गुडघ्याने, सोडलेल्या कामावर परत. मागे एकामागून एक मेंढरं, शहाण्या मुलांसारखी. मामा गल्लीत शिरला. दुसरी शिरली. तिसरीचं नाक बसकं होतं आणि कानात निळी पट्टी होती.

नकटी.

दाजीने फाटक ओढायला हात घातला तोवर निम्मी आत होती, आणि उरलेली मागून रेटत होती. फळ्यांच्या वर एक लाल दोरी गेली होती. ती ओढली की सगळं काम थांबतं. दाजी छोट्या दाराकडे धावला आणि त्याने दोरी धरली. मामा दारातून बाहेर आला, दार मिटलं. त्याने खिशाला तोंड लावलं. दाजीने त्याला कोपराने ढकललं.

आता फक्त ओढायची होती. पुढची गेली असती, फार तर नकटी. वीस जगली असती. पण दोरी ओढली की मुकादम येणार, सगळे गोळा होणार, निळ्या पट्ट्या बघणार, हसणार. मागोमाग चिमणी येणार. मेंढरं इथे का आली, त्यांना कोणी आणलं, ह्याला हे कोणी शिकवलं, सगळं विचारणार, आणि सुरीवाले आनंदाने सांगणार. "अगं, मेहुण्यांचं कामच ते!" आणि दोरी नाही ओढली, तर कामाच्या घाईत कानांकडे कुणी बघणार नव्हतं, आणि दहा मिनिटांत विचारण्यासारखं काही उरणार नव्हतं.

आतून रडूबाईचा आवाज आला. ती खरंच रडल्यासारखी ओरडायची, चिमणीने नक्कल करून दाखवली होती. दाजीने डोळे मिटले. दोरी त्याच्या हातात होती, आणि ती त्याने ओढली नाही. हात दुखायला लागला तेव्हा सोडून दिली.

शेवटची पट्टी आत गेल्यावर मुकादमाने लांबूनच ओरडून विचारलं, "लॉरी आली का रे?"

"आली," दाजी म्हणाला.

चिमणी धावत आली तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. निवाऱ्याचं दार चाऱ्याच्या गाडीसाठी उघडं होतं, ती मागे पाण्याच्या टाक्या धुत होती, कुणालाच पत्ता नाही. तिची ती अवस्था बघून चौकीदाराने तिला आत सोडलं. आजवर ती या आवारात कधी आली नव्हती. बापाने येऊ दिलं नव्हतं. मामा दिसताच तिने त्याच्या मानेला मिठी मारली.

"बाबा, बाकीची? बाकीची कुठे आहेत?"

"हा एकटाच आला."

"रस्त्यात लोकांनी बघितलं, सगळी होती!"

"मग पांगली असतील कुठेतरी. इकडे आली असती तर मी अडवून ठेवली नसती का?" हे तो इतक्या मायेने म्हणाला की कुणालाही पटावं.

तिला पटलं. ती बापाच्या छातीवर डोकं ठेवून रडली. "तुम्ही इथे होतात म्हणून बरं," ती म्हणाली. दाजीने तिला थोपटलं. माणूस किती खाली जाऊ शकतो, याचा त्याला त्या क्षणी अंदाज आला असावा. पण तिचं डोकं छातीवर होतं, आणि तेवढं त्याला पुरे होतं.

मग चिमणीने डोळे पुसले आणि मामासमोर उकिडवी बसली. "तुला माहीत आहे ना? तूच त्यांच्या पुढे होतास. मामा, कुठे नेलंस रे त्यांना? दाखव मला. चल."

"त्याला काय कळतंय," दाजी घाईने म्हणाला. "आपण रस्त्यावर शोधू."

"त्याला सगळं कळतं, बाबा. तुम्हीच म्हणायचात, आल्या-गेल्याला आत नेतो." तिने घंटा हलवली. "चल मामा."

मामाने तिला हुंगलं. नीट, घरच्यासारखं. मग तो वळला आणि गल्लीकडे निघाला. फाटक अजून उघडंच होतं.

"चिमणे, तिकडे नको."

"का?"

इथे पुन्हा एक वाक्य बोलायचं होतं. चिमणी फळ्यांच्या मध्ये शिरली, एक हात मामाच्या पाठीवर ठेवून, अंग चोरून. वाट तिलाही एकटीलाच पुरेल एवढी होती.

दाजी बाहेरून चालत राहिला, रोजच्यासारखा. फळ्यांच्या फटींतून त्याला तिचा निळा सदरा दिसत होता, आणि तिचं बोलणं ऐकू येत होतं. "शाब्बास मामा. कुठे आहेत? इकडे आहेत?"

छोटं दार उघडलं. मामा बाहेर आला आणि दार मिटलं. चिमणी त्याच्या मागे होती. ती सरळ पुढे गेली.

आत सुऱ्या थांबल्या. कुणी हसलं नाही. मामाने दाजीच्या खिशाला तोंड लावलं आणि तो वाट बघत उभा राहिला. दाजीने त्याला बिस्कीट दिलं.