दुसऱ्या साक्षीची ओळ

मित्रांनो, उजवीकडून डावीकडे लिहिणारा मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी अक्षरे यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेची. मेलबर्नमध्ये प्राध्यापक हेनेख ग्लिक्समान यांच्या टेबलावर माझे आयुष्य गेले.

नाझींनी पोलंडमधले त्यांचे गाव संपवले. वाचलेल्या थोड्यांपैकी काही इथे आले. प्राध्यापकांनी गावच्या मृतांची नोंद करायला घेतली. प्रत्येक माणसाला एक कार्ड आणि प्रत्येक कार्डावर, डोळ्यांनी पाहिलेल्या दोघांची साक्ष. मारणाऱ्यांना एकही पुरावा लागला नव्हता. मेलेल्यांकडून मात्र विद्वानांचे जग दोन मागत होते. एका चुकीवर बोट ठेवून कुणी सगळ्यांनाच खोटे ठरवू नये, म्हणून प्राध्यापकांनी ते ओठ मिटून मान्य केले.

एकोणीस वर्षांत आम्ही बाराशे चौऱ्याहत्तर कार्डे केली. 'भावनेचा लवलेश नाही,' असे एका समीक्षकाने लिहिले. त्याला ती स्तुती वाटत होती.

एके दुपारी त्यांच्या गावच्या वृद्ध मिंद्लाबाई खसखशीचा केक घेऊन आल्या. त्यांनी कार्डांचे खोके चाळले.

"हेनेख, तुझ्या फ्रुमाचं कार्ड कुठंय रे?"

"माझ्या बहिणीला साक्षीदार एकच आहे. मी."

"मग दुसरी सही मी ठोकते. आण पेन!"

"तू पाहिलंस?"

"छावणीकडे नेणाऱ्या त्या गाडीत मी तुमच्या पुढच्या डब्यात होते. पण तिचा आवाज..."

"आवाज चालत नाही, मिंद्ला."

"वा रे पंडित! माझ्या नवऱ्याच्या कार्डाच्या वेळी माझी उलटतपासणी घेतलीस, आता स्वतःचीही घे. केक खा आधी. वाळलाय, तुझ्यासारखाच."

त्या गेल्यावर प्राध्यापकांनी माझ्यात कार्ड चढवले. फ्रुमाचे नाव उमटले. खाली पहिल्या साक्षीच्या ओळीत त्यांचे स्वतःचे. दुसऱ्या ओळीवर बोटे थांबली.

ते कार्ड त्यांनी काढले नाही, फाडलेही नाही. पुढची अकरा वर्षे बाकीची कार्डे ते हाताने लिहीत राहिले. रोज माझ्यावरची धूळ पुसत, त्या कार्डाला धक्का न लावता. माझ्या फितीची शाई वाळून गेली.

ते वारल्यावर ग्रंथालयाने खोकी नेली. मी एका शाळेच्या काचेच्या कपाटात आलो. मुले म्हणतात, 'हा बिघडलाय.'

मी बिघडलेलो नाही, मित्रांनो. मला पुसा, तेल घाला. पण ते कार्ड ओढून काढू नका, आणि दयेपोटी ती रिकामी ओळ भरू नका. फ्रुमाला मरताना मी पाहिले नाही, म्हणून माझी साक्ष चालायची नाही. तिच्यावाचून उरलेला माणूस मात्र मी रोज समोर पाहिला. त्याचे कार्ड कुणी केलेले नाही.