खालचे चार दात

आमच्या कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यात मी धागे कापते. शेठ कात्री देतो, पण ती शोधेपर्यंत मी दातांनी दोन पँटी साफ करते. पन्नाशी उलटली, शेजारणींचं बोळकं झालं, माझे दात मात्र जागच्या जागी. माज होता मला त्यांचा. असणारच!

एका वर्षी अक्कलदाढ ठणकली म्हणून नाक्यावरच्या डॉक्टर देवदत्तकडे गेले. त्याने दाढ उपटली, बरं वाटलं. पण एक्स-रे उजेडाला धरून हा बाबा दचकला.

"भिमाबाई, खालच्या पुढच्या चार दातांच्या मुळाशी काळे डाग आहेत. पू झालाय."

"दुखत तर नाय!"

"दात मेला की दुखत नाही. काम काय करता? धागे तोडता? मग बरोबर!"

मेला इतका खूश झाला, जसा काय चोरच सापडला. लगेच रूट कॅनलला बसवलं आणि हिरडीत सुई खुपसली.

"मेलेल्या दाताला भूल कशाला हो?"

"तोंड उघडा आणि गप्प बसा."

मध्येच भारनियमन. मी आ वासून बंद पंख्याकडे बघत बसले. असे दोन दात झाले. काही महिन्यांनी परत एक्स-रे काढला, तर डाग तिथेच. आता म्हणतो, चारही काढू, कवळी बसवू. घरी येऊन मी भोकाडच पसरलं.

लेक यशोधरा आनंदनगरच्या फॅक्टरीत ऑफिसात आहे. ती म्हणाली, "आई, काढायचे नाहीत. आधी दुसऱ्याला दाखवू." तिने मला मुंबईच्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर श्रद्धा माझ्या लेकीच्या वयाची. तिने एक्स-रे बघितला, मग कापसाचा बर्फागत गार बोळा एका दाताला लावला.

"आई गं!"

शेजारच्याला लावला. मी खुर्चीतून उठलेच.

"छान," म्हणते कशी! "मेलेल्या दाताला गार लागत नाही, मावशी. पू नाही, कॅन्सर नाही. तिथलं हाडच तसं बदललंय. क्वचित होतं, बायकांना जास्त. हात लावायचा नाही, फक्त अधूनमधून एक्स-रे काढायचा."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, उरलेले दोन पण बघ. तिने बोळा लावला. काहीच नाही.

"दाबून लाव गं."

तिने दाबला. काहीच नाही.

"हे रूट कॅनलवाले ना? हे मेलेत, मावशी."

"आणि आधी?"

तिने बोळा खाली ठेवला. "आधी चांगले असणार."

मी देवदत्तला अशी शिवी घातली, की यशोधरा "आई!" करून किंचाळली. श्रद्धाने उठून दार लावलं.

"अजून असतील तर देऊन घ्या," ती म्हणाली.