भाषणाचा जर्मन भाग

इटलीच्या उत्तरेकडच्या, इटालियन आणि जर्मन अशा दोन भाषांच्या बोल्झानोत सभेला जायची एक रीत आहे. पुढारी आधी इटालियनमध्ये बोलतो, मग जर्मनमध्ये. ज्याची भाषा नसेल तो तेवढ्यात उठून काहीतरी खाऊन येतो. तेच तर सांगणार, दोनदा कशाला ऐकायचं?

निवडणुकीला उभ्या असलेल्या मार्गितच्या प्रत्येक सभेला तिची मैत्रीण ल्युलेता घरून ब्युरेक भाजून आणायची. जर्मन भाग सुरू झाला की इटालियन मंडळी पालक-चीज भरलेल्या त्या तुकड्यांवर तुटून पडत आणि तिला मान वर करायला फुरसत नसे. मार्गितचं काम तिला परकं वाटतच नव्हतं. दोघींच्या लेकी, एर्सा आणि लेनी, एकाच जर्मन बालवाडीत. आल्बेनियाहून आलेल्या ल्युलेताला तिथे लेकीचं नाव घालायला मार्गितनेच सुचवलं होतं. दोघी इटालियनमध्ये बोलत. एर्सा झोपली की स्वयंपाकघरात बसून आपण जर्मन शिकतो, हे मात्र ल्युलेताने मार्गितला सांगितलं नव्हतं. निवडणूक झाली की एकदम बोलून चकित करायचं, असं मनात होतं.

त्या रविवारी ब्युरेक लवकर संपले. मार्गितसाठी नेहमीसारखा एक तुकडा रुमालाखाली झाकून ल्युलेता एर्साला मांडीवर घेऊन बसली.

इटालियन भाग तिच्या ओळखीचा होता. बाहेरून आलेली कुटुंबं या शहराचीच, त्यांची मुलं आपलीच. टाळ्या झाल्या, माणसं उठली. मग जर्मन सुरू झालं. वाक्यं कळताहेत याचाच तिला आधी केवढा आनंद. मग ती काय आहेत तेही कळलं. आपल्या बालवाड्या परक्यांच्या मुलांनी भरल्यात. मी निवडून आले, तर घरी जर्मन न बोलणाऱ्यांना सप्टेंबरपासून तिथे जागा नाही.

पुन्हा टाळ्या. एर्सानेही वाजवल्या. लेनीची आई बोलत होती ना.

मार्गित उतरून थेट टेबलाशी आली. "दमले गं बाई. माझा तुकडा ठेवलायस ना?" नेहमीसारखं इटालियनमध्ये.

ल्युलेताने जर्मनमध्ये विचारलं, शब्द जुळवत, "सप्टेंबरात एर्सा कुठे जाईल?"

मार्गितने आधी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं का. मग जवळ सरकून इटालियनमध्येच म्हणाली, "अगं, ते तिकडच्यांसाठी बोलावं लागतं. तुझी गोष्ट वेगळी."

"मग तसं त्यांना सांग. माईक चालूच आहे."

मार्गित हसली. "वेडी आहेस का?" आणि कोणीतरी हाक मारली म्हणून वळून गेली. तिला कोणी हाक मारली नव्हती.

ल्युलेताने तुकडा रुमालात बांधला, लेकीला कडेवर घेतलं. पुलावर येईपर्यंत एर्सा भूक-भूक करत होती. रुमाल सोडून तिच्या हातात देताना, 'लेनीला अर्धा ठेव हं', हे रोजचं वाक्य ल्युलेताच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

एर्साने आपणहूनच अर्धा ठेवला.