राहिलेला अर्धा तास

देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टासमोरच्या गल्लीत मी काळे झगे शिवते, वकिलांचे आणि न्यायाधीशांचेही. त्याच कोर्टात माझ्या दादाचं अपील होतं. दादा गोदामाचा पहारेकरी. गोदाम जळालं, बाहेरून कुलूप असल्यानं आत अडकलेला एक हमाल दगावला. कुलूप मालकानं लावायला सांगितलं होतं, पण मालक सुटला आणि दादा तुरुंगात गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

अपील तीन न्यायाधीशांपुढे चाललं. सरकारी वकिलाचं बोलून संपलं होतं. आमच्या वकिलाचं उत्तर तेवढं राहिलं होतं, अर्ध्या तासाचं. मधल्या खुर्चीतले थोरले साहेब त्या शुक्रवारी निवृत्त होणार होते. तेच म्हणाले, "निरोप समारंभ आटोपला की हे संपवू." ते कळताच, आता सुटलोच म्हणून दादानं आपलं पांघरूण शेजारच्या कैद्याला देऊन टाकलं. बाजारात तुरी, दुसरं काय!

शुक्रवारी सकाळी साहेबांचा पट्टेवाला धावत दुकानात आला. साहेबांच्या झग्याचा हूक तुटला होता. मी सुईदोरा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. साहेब खिडकीशी चहा पीत होते. हूक लावताना माझ्या मनात आलं, दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकावीत, म्हणजे समारंभच अडेल. पण हात धंद्याचे, त्यांनी हूकच लावला.

"साहेब," मी म्हणाले, "गोदामाच्या केसमधला तो माझा भाऊ. आज तेवढं..."

"बाई, इथे केसचं बोलायचं नसतं. ते कोर्टात."

नियम आहे, कळतं मला. पण कोर्टात मला तोंड उघडायची परवानगी नाही आणि इथे त्यांना ऐकायची नाही. मग माणसानं बोलायचं तरी कुठे?

तिथली रीत अशी की, जाणारे न्यायाधीश शेवटच्या दिवशी सरन्यायाधीशांच्या शेजारी बसतात आणि वकील उभे राहून गोडवे गातात. प्रत्येकाच्या खुर्चीमागे एकेक पट्टेवाला, खुर्ची पुढेमागे सरकवायला. मी मागच्या दाराशी उभी राहिले. एक बसला की दुसरा उठत होता. कुणी म्हणाला, साहेबांनी कुणाला कधी ताटकळत ठेवलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग उठला तो आमचा वकील! तो साहेबांच्या विनोदबुद्धीवर बोलला, संयमावर बोलला, त्यांच्या बागेतल्या गुलाबांवरसुद्धा बोलला. लोक हसले. साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. पट्टेवाल्यांनी खुर्च्या मागे ओढल्या आणि कोर्ट उठलं.

वकिलाला मी जिन्यातच गाठलं. "आणि आमचं?"

"अहो, अशा दिवशी कसं आठवण करून देणार? बरं दिसतं का ते?"

"मग आता?"

"आता सरन्यायाधीश नवे तिघं नेमतील. सगळं पहिल्यापासून ऐकवावं लागेल."

"कधी?"

"माणसं कुठे आहेत? आधीच्याच कितीतरी खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यात ही एक. नावं सुचवणारे एकीकडे, शिक्का मारणारे दुसरीकडे. दोघांचं जमेल तेव्हा."

खुर्च्या रिकाम्या आहेत हे मला कुणी सांगायला नको. न्यायाधीशांच्या झग्यासाठी आणून ठेवलेलं कापड माझ्या कपाटात पडून पडून घडीवर विटलंय. निरोपाला अख्खी सकाळ मिळते, मग नेमायला कुणाला सवड का नसते? इतकी संतापले होते, की घरी जाताना छत्री तिथेच विसरले.

रविवारी तुरुंगात भेटीला गेले. जाळीपलीकडे दादा दाढी करून, भांग पाडून उभा होता.

"आपला वकील बोलला का गं?"

"बोलला, दादा. चांगला अर्धा तास बोलला."

दादाचा चेहरा उजळला. त्याच्या मागच्या बाकावर तो शेजारचा कैदी दादाचं पांघरूण मांडीवर घेऊन बसला होता.

"दादा," मी म्हणाले, "आधी ते पांघरूण परत माग."