पाचवा हात

आमचे हे दातांचे डॉक्टर, पण जीव सगळा दगडांत. सुट्टी आली की खाणीत जायचं, पिशवीभर दगड आणायचे आणि दात टोकरायच्या सुईनं ते कोरत बसायचं. म्हणे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे तारामासे आहेत त्यांत. असतील बापडे! माझं जेवायचं टेबल मात्र त्यांनी कायमचं बळकावलंय.

त्या दिवशी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दगडातून तारामाशाचा एक चुलतभाऊ निघत होता, ठिसूळतारा. पाच हात, सुतळीसारखे बारीक. चार मोकळे झालेले, पाचवा चालू. मी भांडी घासत होते, पण कान सुईकडे. खर्र, मग थांबणं, पुन्हा खर्र. हे थांबणं नवीन होतं. हल्ली यांच्या हातात कपबशीही वाजायची, आणि काही विचारलं की अंगावर यायचे. त्यात दुपारी दवाखान्यात एका बाईची अक्कलदाढ काढायची होती.

कट् असा आवाज आला. मग काहीच नाही.

हात पुसत मी बाहेर आले. पाचवा हात अर्ध्यावरच संपला होता. मान वर न करता यांनी सांगितलं की हा प्राणीच असा, कुणी पकडलं तर आपणहून हात टाकून पळतो. हाही तसाच थोटा मेला असणार.

अहो, पण यांनीच तर मला शिकवलंय सगळं! जुनं तुटलेलं टोक मातकट असतं आणि ताजं तुटलेलं काचेसारखं चमकतं. हे टोक दिव्याखाली लखलखत होतं.

मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मी भांडते.

"कुणाला बनवताय? दगड बिचारा गप्प बसला. दुपारची ती बाई बसेल का?"

हे उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसून राहिले. मला वाटलं, आता भडकणार. पण त्यांनी हळूच सांगितलं की त्या बाईला फोन कर, दुसऱ्या डॉक्टरांकडे जा म्हणावं.

"पुन्हा कधी बोलवू तिला?" मी विचारलं.

"बोलवू नकोस," ते म्हणाले. "कुणालाच नको."

आणि दाबून धरलेला हात त्यांनी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तो थरथरत होता.