आत्याच्या नावाच्या पेशी

आत्याच्या जिभेला हाड नव्हतं. तिच्या लाँड्रीत कपडे न्यायला उशिरा आलेला माणूस बोलणी खाल्ल्याशिवाय परतत नसे. त्याच जिभेला कॅन्सर झाला आणि अर्धी जीभ कापायची ठरली. तेव्हा तिची भाची, जी कॅन्सरवर संशोधन करायची, तिनं विचारलं, "कापलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेला देशील? त्यातल्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासता येतील."

"ने की. मला काय लोणचं घालायचंय त्याचं?"

पेशी वाढल्या. भाचीचे सर खूश झाले. इतर प्रयोगशाळांनीही त्या मागवून घेतल्या.

काही वर्षांनी त्यांतल्याच एका प्रयोगशाळेनं डीएनए तपासून कळवलं: या पेशी जिभेच्या नाहीतच. भाचीनं गोठवून ठेवलेली अगदी पहिली कुपी काढून तपासली. खरंच होतं. कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे शेजारच्या बाटलीतल्या, भलत्याच रोग्याच्या यकृताच्या पेशी आत शिरल्या होत्या आणि भराभर वाढल्या होत्या. आत्याच्या कधीच मेल्या होत्या.

"आता बोभाटा कशाला?" सर म्हणाले. "कॅन्सर तो कॅन्सर. आणि त्या बिचाऱ्या आत्याचं मन का मोडतेस?"

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाप यांचं आणि पांघरूण आत्याचं! ती तडक लाँड्रीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आत्यानं इस्त्रीचा प्लग ओढला. "चल."

सरांनी खुर्ची पुढे केली. आत्याचं अर्ध्या जिभेचं बोलणं त्यांना कळेना. ते नुसते हसत मान डोलवत राहिले. शेवटी भाचीकडे वळले. "काय म्हणतायत?"

"म्हणतेय, मेल्या, मान काय डोलवतोस, मी गाणं म्हणतेय का?"

सरांचं हसू मावळलं.

"म्हणतेय, माझ्या पेशी मेल्या तर मेल्या. पण उद्या ज्यांची जीभ कापायचीय, त्यांचं औषध तू यकृतावर तपासतोयस. आणि वर माझ्या मनाची ढाल करतोस?"

"जरा नीट शब्दांत सांग."

"तिचेच शब्द आहेत, सर. एकही खाली पडू दिलेला नाही."

सरांनी काहीच केलं नाही. मग भाचीनंच सगळ्या प्रयोगशाळांना कळवलं. तिची नोकरी गेली. दोन प्रयोगशाळांनी प्रयोग थांबवले. बाकीच्या मूग गिळून बसल्या.

आत्या भाचीच्या मागे लागली आहे, "त्या बाकीच्यांचे पत्ते दे. मी जाऊन येते."