पाटीखालची नावं

शिडीवर चढून मॉर्वेना आपल्या पबच्या दारावरची काळी पाटी ओल्या फडक्यानं पुसत होती. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तिच्या नवऱ्याचं नाव होतं: डेन्झिल ट्रगियर, मद्यविक्रीचा परवानाधारक. तो फेब्रुवारीत गेला. परवाना आता तिच्या नावावर झाला होता, म्हणजे त्याचं नाव आज झाकून तिचं लिहायचं होतं. महिनाभर ती आज-उद्या करत होती.

खाली म्हातारा जोरी रंगाचा डबा ढवळत होता. गावातल्या पाट्या तोच रंगवायचा, त्याच्याआधी त्याचा बाप.

"काका, आधी खरवडून घेऊ?"

"खबरदार. या पबची पाटी खरवडत नाहीत, जुन्यावरच रंग देतात. दोनशे वर्षांत कुणी खरवडली नाही, तू कोण टिकोजीराव? ऊन तिरपं आलंय, गाल टेकवून बघ जरा."

तिनं गाल टेकवला. समुद्रावरून येणाऱ्या सकाळच्या उन्हात रंगाखालची अक्षरं फुगून वर आली, आधीच्या परवानाधारकांची नावं, एकात एक गुंतलेली. बेंजामिन नान्स, ज्याच्या तळघरात चोरटी ब्रँडी असायची आणि वर जकातीचा शिपाई बियर पीत बसायचा. हॅना पॉलग्लेझ, जिनं फुटलेल्या जहाजावरची अकरा माणसं आतल्या शेकोटीपुढे शेकून जगवली. लहानपणापासून ऐकलेली ही माणसं आता तिच्या बोटांखाली होती. यांच्या ओळीत आपण कुठे बसणार, असं तिला वाटलं.

मग डेन्झिलच्या नावाखाली, अगदी लगेचच्या थरात, आणखी एक नाव बोटाला लागलं. तिनं ते दोनदा चाचपून वाचलं. ते तिचंच होतं.

"काका, हे काय?"

जोरीचा हात थांबला.

"बावीस वर्षं पोटात ठेवलंय. त्यानं आधी तुझं नाव रंगवून घेतलं माझ्याकडून. ते वाळल्यावर वरून काळ्या रंगाचा हात मारायला लावला आणि त्यावर स्वतःचं नाव. म्हणाला, मी तिच्याआधी जाणार, तेव्हा तिला इथं परकं वाटायला नको."

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प?"

"बोललो असतो तर माझी संध्याकाळची बियर बंद केली असती त्यानं."

मॉर्वेना हसली, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं फडकं खांद्यावर टाकलं.

"काळा हात पातळच मारा, काका. ब्रश मग माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "अक्षरं मला फक्त गिरवायचीत."